सांगितलं, हो म्हणाली

आमच्या ऑफिसात सकाळी साडेनऊला हजेरी व्हायची. माणसांची नाही, ती दारातल्या अंगठ्याच्या मशीनवर आपापली होई. ही हजेरी कॉम्प्युटरांची होती आणि ती अंकल घेत.

अंकल म्हणजे आमचे सिस्टीमवाले. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत, एका जुन्या गाळ्यांच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आमचं डबिंग आणि सबटायटलचं ऑफिस होतं. खाली खोके बनवायचा कारखाना, वर आम्ही. मालिका आणि वेबसिरीज आमच्याकडे कच्च्या यायच्या, त्यांना मराठी आवाज आणि मराठी अक्षरं चिकटवून आम्ही त्या परत पाठवायचो. मी अक्षरांच्या बाजूला होते. माझ्या टेबलाला लागूनच अंकलची खोली होती. खोली कसली, काचेचं पार्टिशन लावून अडवलेला कोपरा. आत सर्व्हर, एसी आणि अंकल.

त्या खोलीत चपला घालून जायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. आमचे मोठे साहेबसुद्धा बूट काढून आत जायचे आणि फाटका मोजा लपवत एका पायावर उभे राहायचे. मॉनिटरवर अंकलच्या बायकोने विणलेला क्रोशाचा रुमाल असे. माउस ड्रॉवरमध्ये उलटा घालून ठेवलेला. ‘हात कीबोर्डवरून उचलला की माणूस चुकतं,’ असं ते म्हणायचे. पडदा कायम काळा, त्यावर पांढरी अक्षरं. नवीन आलेल्या पोरींना वाटे, यांचा कॉम्प्युटर बंद पडलाय.

साडेनऊला ते त्या काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करत आणि चहाचा ग्लास हातात घेऊन वाट बघत. त्या ओळीचं काम साधं होतं. ऑफिसच्या नेटवर्कवर जेवढ्या मशिनी आहेत त्या सगळ्यांना ती एकेक करून विचारायची, की बाबा, तुझं एखादं फोल्डर तू इतरांसाठी ठेवलंयस का? ज्यांनी ठेवलं असेल त्या मशिनी आपलं नाव सांगत. नावांची यादी सरसर खाली उतरायची. त्याला अंकलनी स्वतःची चार ओळींची पुस्ती जोडली होती. कोणतं फोल्डर पासवर्ड न विचारता कोणालाही आत घेतंय, तेवढं त्या पुस्तीने कळे. तशा नावापुढे एक चांदणी उमटायची.

मी एकदा त्यांना म्हटलं, अंकल, हे म्हणजे दुसऱ्याच्या घरात डोकावणं झालं. त्यांनी ग्लास खाली ठेवला. म्हणाले, ‘हाक मारतो बाय, डोकावत नाय. आमच्या गावात कोणाचं दार उघडं दिसलं ना, तर बाहेरून हाक मारायची. तुझं दार उघडं हाय, एवढं सांगायचं. आत बघायचं नाय.’

गाव म्हणजे मनोरी. पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच ख्रिस्ती, घरात मराठीच बोलणारे, शाळाही मराठीच. रोज सकाळी बोटीने खाडी ओलांडून मार्व्याला यायचे, तिथून बस, मग ट्रेन. संध्याकाळी सव्वापाच वाजले की पिशवी खांद्याला. तेव्हा सर्व्हरला आग लागली असती तरी ते ‘बोट थांबत नाय’ म्हणून निघाले असते. बोटी रात्री बऱ्याच उशिरापर्यंत असतात हे मला फार नंतर कळलं. त्यांना खाडी उजेडात ओलांडायची असायची, इतकंच.

चांदणी दिसली की ते काय करत? मेल नाही, चिठ्ठी नाही, साहेबांकडे तक्रार तर नाहीच. अनवाणी पायांनी खोलीतून बाहेर यायचे, त्या माणसाच्या खुर्चीमागे उभे राहायचे आणि शेजारच्यालाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात सांगायचे. मग परत. कोणाच्या चुकीचा बभ्रा करणं त्यांना जमत नसे. ऑफिसच्या नियमांप्रमाणे उघडं फोल्डर दिसलं की लेखी कळवायचं होतं. त्यांनी तसं कधी केलं नाही आणि आम्हाला सगळ्यांना ते सोयीचं होतं.

मशिनींना नावं त्यांनीच दिली होती. इतर ऑफिसांत एक दोन तीन असे आकडे असतात. आमच्याकडे मोठी कुंडी, वडाचं, उतार, पाणथळ. माझ्या मशीनचं नाव खाजण. मी रुसले होते, की मला ही खारट चिखलाची जमीन का? त्यांनी सांगितलं, अशीच जुनी नावं, डोक्यात होती ती टाकली. आम्ही आपापसात टिंगल करायचो. ‘उतार हँग झालाय’, ‘मोठ्या कुंडीला व्हायरस’. अंकलही हसायचे. नाताळात डबाभर फुगे आणायचे, तळलेले, गोल, किंचित गोड, आणि प्रत्येकाच्या टेबलावर मशीनच्या नावाने दोन दोन ठेवायचे. ‘हे खाजणचे,’ म्हणायचे. मी एकदा आजारपणाच्या रजेवर होते तेव्हा माझे दोन फुगे कीबोर्डजवळ कागदात गुंडाळून ठेवलेले सापडले. तिसऱ्या दिवशी. दगड झाले होते, तरी मी खाल्ले.

हे सगळं मी लाडाने लिहितेय, कारण पुढचं लिहायला हात उचलवत नाही.

माझं फोल्डर उघडं होतं. सबटायटल करायला एपिसोडची हलकी कॉपी आमच्याकडे यायची, ती मी त्या फोल्डरमध्ये ठेवायचे. डबिंगवाल्यांनाही तीच लागे आणि दर दहा मिनिटांनी कोणीतरी येऊन पासवर्ड विचारायचं. कंटाळून मी तो काढूनच टाकला. हे झालं सांगायचं कारण. न सांगायचं कारण असं की मी बाहेरच्या एका कंपनीचं काम चोरून करत होते. ऑफिसच्या वेळात, स्वतःच्या लॅपटॉपवर. फाइल इकडून तिकडे न्यायला उघडं फोल्डर बरं पडायचं, पासवर्डची भानगड नाही आणि कुठे नोंद नाही.

अंकल पहिल्यांदा आले तेव्हा मी हेडफोन लावून बसले होते. त्यांनी खांद्याला हात लावला नाही, मी मान वळवेपर्यंत तसेच उभे राहिले. ‘बाय, तुझं दार उघडं हाय.’ मी म्हटलं, हो अंकल, करते. ते मान हलवून गेले.

चार दिवसांनी पुन्हा आले. तेच वाक्य, तोच आवाज. मीही तेच म्हटलं. या वेळी जरा तुटकपणे म्हटलं असेन, कारण लॅपटॉपवर बाहेरचं काम उघडं होतं आणि मला ते झाकायचं होतं. त्यांची नजर तिकडे गेली नाही. त्यांची नजर अशा वेळी जमिनीकडे असायची.

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी एका वेबसिरीजचा शेवटचा एपिसोड प्रसारणाच्या आधीच लोकांच्या फोनवर फिरायला लागला. कच्ची कॉपी, कोपऱ्यात वेळेचा आकडा पळतोय आणि खाली माझी अर्धवट सबटायटलं. शेवटच्या सात मिनिटांना अक्षरं नव्हतीच, तेवढी मी केली नव्हती. म्हणजे कॉपी कुठून गेली हे शोधायलाही नको होतं. कोणी नेली ते मात्र आजतागायत कळलेलं नाही. उघडं फोल्डर होतं, ऑफिसात सत्तर माणसं, शिवाय येणारे-जाणारे आवाजवाले कलाकार. कोणीही नेली असेल.

चौकशीला बाहेरचे एक गृहस्थ आणले. केस पिकलेले, फार सभ्य, प्रत्येक वाक्याआधी ‘मला समजून घ्यायचंय’ म्हणणारे. त्यांनी अंकलच्या मशीनवरच्या नोंदी काढल्या. रोज सकाळी साडेनऊची यादी, त्यात रोज खाजण आणि खाजणपुढे चांदणी. त्यांच्या दृष्टीने चित्र स्वच्छ होतं. एक माणूस रोज सगळ्या मशिनींची दारं ठोठावतो, कुठलं उघडं आहे हे फक्त त्यालाच माहीत असतं, आणि लेखी तो कोणालाही कळवत नाही.

साहेबांच्या केबिनमध्ये आम्ही चौघं होतो. साहेब, ते गृहस्थ, अंकल आणि मी. अंकल तिथेही अनवाणी आले होते, सवयीने. ते गृहस्थ म्हणाले की हे रोज सगळ्यांची फोल्डरं चाळतात. अंकल म्हणाले, ‘चाळत नाय. हाक मारतो.’ त्यावर ते गृहस्थ किंचित हसले आणि साहेबही हसले. मग साहेबांनी माझ्याकडे बघितलं.

‘तुला सांगितलं होतं यांनी? फोल्डर उघडं आहे म्हणून?’

मला ठाऊक होतं काय पणाला लागलंय. हो म्हटलं तर पुढचा प्रश्न येणार, मग बंद का केलं नाहीस? आणि मग माझी मशीन उघडणार, फोल्डरमधल्या बाहेरच्या कामाच्या फाइल निघणार. पुढच्याच महिन्यात मला सबटायटल विभागाची प्रमुख करणार होते, तोंडी सांगूनही झालं होतं. घाटकोपरला आईने शेजाऱ्यांना पेढे कधीचे कबूल करून ठेवले होते. आणि अंकल? अंकलचं काय, साठीला आलेले, आज ना उद्या घरी बसणारच. हा हिशोब मी त्या केबिनमध्ये, तेवढ्या दोन सेकंदांत केला. मला तो करायला वेळ लागला नाही, ही गोष्ट मला अजून झोंबते.

मी म्हटलं, ‘नाही सर. मला कोणी काही सांगितलं नाही.’

अंकलनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांची नजर जमिनीकडे होती. साहेबांनी त्यांना विचारलं, तुमचं काय म्हणणं आहे? ते म्हणाले, ‘राहिलं असेल माझ्याकडनं.’

त्या आठवड्याच्या शेवटी त्यांना जायला सांगितलं. कॉपी त्यांनीच विकली असं कोणी उघड बोललं नाही, पण पॅन्ट्रीत चहा घेताना लोक तेच बोलत. ‘रोज सगळ्यांच्या फोल्डरमध्ये तोंड घालायचा, म्हणे.’ जो माणूस खुर्चीमागे उभा राहून पडद्याकडेसुद्धा बघत नसे, त्याच्याबद्दल हे. मी तिथेच, हातात कप घेऊन उभी असायचे. एकदा तर मीही म्हटलं, ‘कोणाचं काय सांगता येतं?’ हे वाक्य मला कोणी बोलायला लावलं नव्हतं.

निघताना त्यांनी क्रोशाचा रुमाल घडी करून पिशवीत टाकला. माउस ड्रॉवरमधून काढून, सरळ करून, टेबलावर ठेवला. सव्वापाच वाजले होते.

मी प्रमुख झाले. पेढे वाटले.

त्यांची खोली नव्या माणसासाठी रिकामी करायची होती आणि शेजारी मी असल्यामुळे ते काम माझ्याकडे आलं. भिंतीवर त्यांच्या चर्चचं कॅलेंडर होतं, सणांच्या तारखा लाल. आम्हाला नेहमी वाटायचं की त्यावर ते उपवासबिपवास लिहून ठेवत असतील, कारण चौकटींत पेन्सिलीने बारीक काहीतरी खरडलेलं असे. मी ते खिळ्यावरून काढलं आणि पहिल्यांदा जवळून वाचलं.

‘वडाचं – सांगितलं – लगेच बंद केलं.’ ‘उतार – सांगितलं – चिडला, पण केलं.’ ‘मोठी कुंडी – सांगितलं – विसरली होती.’ महिन्यामागून महिने. मग माझं नाव. ‘खाजण – सांगितलं – हो म्हणाली.’ चार दिवसांनंतरच्या चौकटीत पुन्हा, ‘खाजण – सांगितलं – हो म्हणाली.’ त्यापुढच्या चौकटींत नुसतं ‘खाजण’. खाजण, खाजण, खाजण, एपिसोड फुटला त्या दिवसापर्यंत.

केबिनमधून ते कॅलेंडर आणायला त्यांना पंधरा पावलं लागली असती. ते उठले नाहीत.

आणि मी काय केलं? एखादी बरी बाई ते घेऊन तशीच साहेबांकडे गेली असती. मी ते गुंडाळलं, रबर लावलं आणि घरी नेऊन कपाटावर टाकलं. वर्षभर ते तिथे होतं. आई साफसफाईत दर वेळी विचारायची की गेल्या वर्षीचं कॅलेंडर कशाला जपून ठेवलंस. मी म्हणायचे, राहू दे गं.

गेल्या डिसेंबरात मी मनोरीला गेले. कोणाला न सांगता, रविवारी, कॅलेंडर पिशवीत घालून. मार्व्याहून बोटीत बसले तेव्हा काय बोलायचं ते पाठ केलं होतं. पलीकडे उतरल्यावर मी एका मासळीवालीला त्यांचं घर विचारलं आणि तिने थेट घराच्या पायरीपर्यंत आणून सोडलं.

अंकल ओट्यावर बसून सुतळीचा गुंता सोडवत होते. मला बघून उठले, ‘अगं बाय, तू?’ म्हणाले आणि आत हाक मारली. त्यांची बायको आली. ठेंगणी, हसरी, हाताला पीठ. तिने मला फुगे आणून दिले, गरम. म्हणाली, ऑफिसचं माणूस आलं, बरं वाटलं, हे कधी कोणाचं नाव काढत नाहीत. मग माझ्याजवळ बसून हळूच सांगितलं, की यांनी स्वतःच नोकरी सोडली, पडद्याकडे बघून डोळे थकले होते ना, मीच किती दिवस मागे लागले होते.

मी अंकलकडे बघितलं. ते सुतळीकडे बघत होते. माझं पाठ केलेलं सगळं तोंडातल्या फुग्याबरोबर गिळावं लागलं. तिथे बोलले असते तर मी मोकळी झाले असते आणि त्यांच्या घरात नवा घोळ सुरू झाला असता.

ते मला जेट्टीपर्यंत सोडायला आले. वाटेत हाताने दाखवत चालले होते. ही मोठी कुंडी, इथे भात व्हायचा. ते वडाचं, वड आता नाही. तो उतार. मी थांबले. आमच्या ऑफिसातल्या सगळ्या मशिनी तिथे जमिनीवर पसरल्या होत्या. त्यांच्या बापजाद्यांची शेतं. काही विकली गेली, काहींवर सुट्टीत भाड्याने द्यायची कॉटेजेस उभी राहिली. एका उंच भिंतीपाशी, जिला लोखंडी फाटक होतं आणि आत पहारेकरी, ते म्हणाले, ‘आणि हे तुझं. खाजण. ह्याला कधी कुंपण नव्हतं.’

मी पिशवीतून कॅलेंडर काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी रबर काढून जरासं उलगडलं, ओळखलं आणि परत गुंडाळलं.

‘अंकल, मी खोटं बोलले.’

‘ठाऊक हाय,’ ते म्हणाले. ‘मी तिथंच बसलो होतो.’

रागाने म्हणाले नाहीत. दुखावून म्हणाले असंही नाही. पण ‘जाऊ दे’ म्हणाले नाहीत आणि मला तेवढ्याचीच आशा होती. मग मी विचारलं, तुम्ही का नाही बोललात? हे कॅलेंडर का नाही दाखवलंत?

त्यांनी सांगितलं. ‘दोनदा सांगितलं. तू तिसऱ्यांदाही नुसतं हो म्हणशील, ते मला दिसत होतं. मला राग आला तुझा. म्हटलं, राहू दे हिचं दार उघडं, अद्दल घडेल. रोज लिहीत होतो, पण उठून येत नव्हतो. माझ्याकडनं राहिलं, ते खरंच होतं बाय.’

त्यांनी आपल्या वाट्याची एवढीशी चूक एवढी मोठी करून धरली होती, आणि मी माझी डोंगराएवढी चूक घेऊन आईबरोबर पेढे वाटले होते. मला तिथे उभं राहवेना. बोट लागत होती, माणसं चढत होती.

कॅलेंडर त्यांनी परत माझ्या हातात दिलं. ‘तिकडे कोणाला सांगितलंस?’

‘नाही.’

‘सांगशील?’

‘हो,’ मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. तशीच, जशी माझ्या खुर्चीमागे उभं राहून दोनदा हलवली होती. मग वळून गावाकडे चालू लागले. ऊन अजून बरंच होतं.

याला आता आठ महिने झाले. कॅलेंडर कपाटावर आहे. साहेब रोज भेटतात, त्यांची केबिन माझ्यापासून पंधरा पावलांवर आहे. सकाळी साडेनऊला मीच आता ती ओळ टाइप करते, नव्या माणसाला त्यात रस नाही. चांदणी दिसली तर उठून सांगायला जाते. आत बघत नाही.

या लेखात अंकलचं नाव मी कुठे लिहिलेलं नाही. त्यांच्या मानासाठी लिहिलं नाही असं म्हणता आलं असतं, आणि वाचणाऱ्याला ते पटलंही असतं. पण त्यांचं नाव लिहिलं तर ऑफिस कळेल, ऑफिस कळलं तर खाजणवर कोण बसायचं तेही कळेल. म्हणून लिहिलेलं नाही.